‘कट’ म्हटल्यावर उठून चालणारी नायिका

ललिता पवारांचा तो डावा डोळा आठवतोय ना? तो नुसता बारीक झाला की थिएटरातल्या बायका बोटं मोडायच्या, असं माझी आई सांगायची. आता ही सून छळली जाणार, दूध सांडणार, पोराचे कान भरले जाणार, सगळं त्या एका डोळ्यावरून कळायचं. पण तो डोळा तसा का होता, हे मला बरंच उशिरा कळलं. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायचा प्रसंग होता. थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. तीनेक वर्षं उपचारांत गेली आणि डावा डोळा अधू राहिला तो कायमचाच.

त्याआधी ललिताबाई नायिका होत्या, थेट मूकपटांच्या जमान्यापासून! परत आल्या तेव्हा नायिकेचं दार बंद झालं होतं. त्यांच्या वाट्याला आल्या खाष्ट सासवा, कपटी जावा, सावत्र आया. आणि 1987 च्या ‘रामायण’ मालिकेत मंथरा. तिथे तर डोळ्याच्या जोडीला पाठीवर कुबडही आलं. म्हणजे बघा, बाईला दुखापत झाली ती कामावर, काम करताना. आणि त्या दुखापतीचा पडद्यावर अर्थ लावला गेला दुष्टपणा. त्या मोठ्या अभिनेत्री होत्या म्हणून त्यांनी त्याचंही सोनं केलं, हा भाग वेगळा. मात्र 1959 च्या ‘अनाडी’त हृषिकेश मुखर्जींनी त्यांना मिसेस डिसा केलं, वरून रागावणारी, आतून मायाळू घरमालकीण. त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. डोळा तर तोच होता की! (आमच्या मनोरीत अशा मिसेस डिसा गल्लीगल्लीत आहेत. भांडणं करतील आणि संध्याकाळी तुमच्याच पोरासाठी वाटीभर सोरपोटेल पाठवतील.)

हे सगळं मनात घोळायला लागलं ते माझ्या नणंदेमुळे. घरात सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणते. ती दीड वर्षाची असताना ताप आला आणि उजवा पाय गेला. पोलिओ. कॅलिपर आणि एक कुबडी घेऊन ती गेली वीस-बावीस वर्षं मनोरीहून मालाडला एका खासगी कचेरीत हिशेबाच्या कामाला जाते. मनोरी नकाशात मुंबईत असली तरी मधे खाडी आहे. मार्व्याला जायचं तर बोट. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, आणि बोटीवर चढायचं ते फळीवरून. बोटीवरची पोरं ताईला ओळखतात. एकजण फळी दाबून धरतो, दुसरा कुबडी घेतो. हात मात्र कुणी देत नाही, कारण पहिल्याच वर्षी तिने सांगून टाकलं होतं, ‘‘हात धरलास तर तोल जातो माझा. फळी धर.’’

तर या ताईला मालिका बघायचं भारी वेड. मीही बघते, उगाच कशाला खोटं बोला? पण एखादी नवी मालिका सुरू झाली आणि त्यात कुणी खुर्चीत बसलेलं किंवा काळा चष्मा घातलेलं दिसलं की ताईचं भाकीत सुरू होतं. ‘‘वहिनी, ही बरी होणार बघ. गणपतीच्या भागात.’’ नाहीतर, ‘‘हा नाटक करतोय. रात्री उठून तिजोरी उघडणार.’’ आणि बिचारी साधी, प्रेमळ, गाणं म्हणणारी मुलगी असली तर, ‘‘ही मरणार. नायकाला मोकळं करायला नको?’’ दहातल्या आठ वेळा तिचं खरं होतं, आणि उरलेल्या दोन वेळा मालिकाच बंद पडते!

हसू येतं, पण त्या ‘बरी होणार’ने आमच्या घरात काय केलं ते सांगते. माझ्या सासूबाई एकवीरेच्या भक्त. लेकीच्या पायासाठी त्यांनी कार्ल्याच्या किती वाऱ्या केल्या, किती तेलं चोळली, कुठल्या कुठल्या वैदूंना पैसे दिले, त्याचा हिशेब ताईलाही लावता येणार नाही. पोलिओत मणक्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरतात. त्या परत येत नाहीत. व्यायामाने, कॅलिपरने, शस्त्रक्रियेने पाय कामाचा करता येतो, पण धक्का बसला, देवळात घंटा वाजली, नवऱ्यावर कुणी बंदूक रोखली म्हणून माणूस उठून चालायला लागत नाही. डॉक्टरांनी हे सासूबाईंना अनेकदा समजावलं होतं. त्या मान हलवायच्या आणि रात्री मालिकेतली नायिका आरतीच्या वेळी खुर्चीतून उठली की आमच्याकडे बघायच्या. काही बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नारळ बाजूला काढून ठेवायच्या. तो नारळ दिसला की ताई चहा न पिताच धक्क्यावर जायची.

डोळ्यांचंही तसंच. 1972 च्या ‘अनुराग’मध्ये मौशमी चटर्जीच्या आंधळ्या नायिकेला एका मरणाऱ्या लहान मुलाचे डोळे मिळतात. त्या काळी अशा चित्रपटांनी नेत्रदानाचा विचार घरोघर पोचवायला मदत केली असेल, ते चांगलंच झालं. पण नेत्रदानातून बदलता येतं ते फक्त बुबुळावरचं पारदर्शक पटल. पडदा किंवा मज्जातंतू गेलेला असला तर दान मिळालेल्या डोळ्यांचा उपयोग नाही. पडद्यावर मात्र पट्टी सुटते, आधी धूसर दिसतं, मग नायकाचा चेहरा! तेव्हापासून आजतागायत ती पट्टी सुटतेच आहे.

आमच्या मनोरीत शूटिंगचं अप्रूप नाही. पलीकडे मढ-मार्व्याला तर बंगलेच्या बंगले त्याच कामाला लागलेत, आणि आमच्याकडेही अधूनमधून जनरेटरची गाडी येतेच. काही वर्षांपूर्वी किनाऱ्याजवळच्या एका बंगल्यात कुठल्याशा मालिकेचं दोन दिवस काम होतं. नायिकेला अपघात झालाय, ती चाकाच्या खुर्चीत आहे आणि हवापालटासाठी नवऱ्याने तिला समुद्रावर आणलंय, असा काहीतरी प्रसंग. रविवार होता म्हणून मी आणि ताई कंपाउंडपाशी बघायला उभ्या राहिलो. खुर्ची कोरी करकरीत, हॅंडलवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. दवाखान्यात पेशंटला एक्स-रेला नेतात तसली खुर्ची, रोज वापरणाऱ्या माणसाची नव्हे. नायिकेच्या मांडीवर शाल आणि ओठांवर ते ठरलेलं फिकट हसू. नवरा तिला फाटकातून आत आणतो, असा एक शॉट झाला. व्हरांड्यात ती एकटी समुद्राकडे बघते, असा दुसरा. आणि मधे? मधे तीन पायऱ्या होत्या. ‘कट’ म्हटल्यावर ती मुलगी उठली, साडी सावरली आणि तीन पायऱ्या टकटक चढून वर गेली. खुर्ची एका पोऱ्याने मागून उचलून नेली.

ताई माझ्या कानात म्हणाली, ‘‘वहिनी, त्या तीन पायऱ्यांतच तर सगळी मालिका आहे. तीच यांनी गाळली.’’

तेवढ्यात एक सहायक मुलगा धावत आला. सभ्य होता, अगदी हात जोडून म्हणाला, ‘‘मॅडम, जरा बाजूला व्हाल? तुमची कुबडी फ्रेममध्ये येतेय.’’

आम्ही बाजूला झालो. ताई घरी येईपर्यंत हसत होती. मला काही हसू आलं नाही.

त्या मुलीने खुर्चीतलं काम करू नये, असं मी म्हणत नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणंच. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी 1972 मध्ये गुलजारांच्या ‘कोशिश’मध्ये मूकबधिर जोडपं उभं केलं ते आजही बघवतं, कारण त्यात ते दोघं दूध तापवतात, भांडतात, मूल वाढवतात. दिलीप प्रभावळकरांचा 1991 च्या ‘चौकट राजा’तला नंदू विसरणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. माझा प्रश्न उलटा आहे. दुसऱ्याची कुबडी फ्रेममध्ये आणायला पैसे मोजले जातात, मग खरी कुबडी फ्रेममध्ये आली तर का खटकते?

यावर मला नेहमी सुधा चंद्रन आठवते. मुंबईची मुलगी, भरतनाट्यम शिकणारी. 1981 साली तामिळनाडूत बसला अपघात झाला, जखम चिघळली आणि उजवा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून ती पुन्हा नाचायला शिकली. तिच्या आयुष्यावर तेलुगूत ‘मयूरी’ निघाला आणि 1986 मध्ये हिंदीत ‘नाचे मयूरी’. तिचीच गोष्ट, तिनेच केलेली. आपण सगळ्यांनी रडून घेतलं, टाळ्या वाजवल्या. पण मला सुधा चंद्रनचं खरं मोठेपण दिसतं ते त्यानंतर. ‘कहीं किसी रोज’मधली रमोला सिकंद आठवा! त्या टिकल्या, त्या साड्या, ती नजर. 2001 ते 2004 या काळात घरोघरी बायका तिला शिव्या घालत होत्या आणि दुसऱ्या दिवशी तशीच टिकली शोधत होत्या. त्या शिव्यांत तिच्या पायाचा उल्लेख कुठेच नव्हता. मालिकेतही नव्हता. एक बाई आहे, ती कपटी आहे, श्रीमंत आहे, नटवी आहे, आणि तिला एक पाय नाही हे कथेच्या कामाचं नाही. ताईला रमोला प्रचंड आवडायची. का ते तेव्हा मी विचारलं नाही, आता विचारायची गरज नाही.

अर्थात पडद्याबाहेर वेगळंच. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये याच सुधा चंद्रनला जाहीर व्हिडिओ करून सांगावं लागलं की प्रत्येक विमानप्रवासात सुरक्षा तपासणीत तिला कृत्रिम पाय काढायला लावतात. सुरक्षा दलाने नंतर माफी मागितली. तिच्या गोष्टीवर चित्रपट निघून तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती!

आता जरा लग्नाबद्दल. पुरवणी बायकांची आहे, तेव्हा हा विषय टळत नाही. ताई अडतीसची असताना तिला एक स्थळ आलं. वसईकडचा माणूस, बायको वारलेली, एक मुलगा. मध्यस्थ बाई आमच्या ओटीवर बसून म्हणाली, ‘‘त्याचं मन फार मोठं आहे हो. सगळं माहीत असून तयार आहे.’’ सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने आतून विचारलं, ‘‘घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का?’’ घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. ‘‘नोकरी?’’ तर नोकरी सोडावी लागणार होती, कारण मुलाला बघायला कुणी नव्हतं. ताई म्हणाली, ‘‘म्हणजे तीन जिने आणि एक मूल. मोठं मन कोणाचं लागणार आहे इथे?’’ तिने नकार दिला. सासूबाई तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. नकार देण्याचा हक्क आपल्या लेकीला आहे, हे त्यांना सुचलंच नव्हतं. सुचणार कुठून? पडद्यावर अशी मुलगी एकतर डोळे भरून होकार देते, नाहीतर त्याच्या भल्यासाठी त्याग करते. जिने मोजताना कधी दिसते का?

हे जर कुणाला कळलं असेल तर सई परांजप्यांना. ‘स्पर्श’ 1980 सालचा. दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत चित्रित झालेला, तिथलीच मुलं घेऊन. नसीरुद्दीन शाहचा अंध प्राचार्य अनिरुद्ध आणि शबाना आझमीची कविता. कविता विधवा आहे, चांगली आहे, त्याच्यावर प्रेमही करते. पण तिच्या प्रेमात कुठेतरी समर्पण आहे, व्रत आहे, असा संशय त्याला येतो आणि ठरलेलं लग्न तो मोडतो. कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्याचा राग आला होता. इतकी चांगली बायको मिळतेय, हा आडमुठेपणा कशाला? पण वसईचं स्थळ येऊन गेल्यावर पुन्हा लावला तेव्हा त्याचं प्रत्येक वाक्य ताईच्या आवाजात ऐकू आलं. आणि ती मुलं! ती मस्ती करतात, रुसतात. ‘दोस्ती’तल्या त्या दोघा मुलांसारखी डोळ्यांत पाणी आणून गात बसत नाहीत. ‘दोस्ती’ 1964 चा, त्यातली गाणी अप्रतिम, पण काय हो, अंध माणूस म्हटला की रस्त्यावर पेटी वाजवून गायलाच हवं का? आपल्या ‘जगाच्या पाठीवर’मध्येही सीमाताईंची आंधळी मुलगी गातेच. गाणी काढून घेतली असती तर या लोकांना पटकथेत करायला काही उरलंच नसतं.

मराठी चित्रपटाने 2004 नंतर बरंच वेगळं केलं, हे मान्य करायला हवं. ‘श्वास’मधल्या परशाचे डोळे जातात आणि परत येत नाहीत. कुठला चमत्कार नाही. आजोबाला नातवाला ते सांगायचंय, एवढाच सगळा चित्रपट. 2006 चा ‘नितळ’ आला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, कोड असलेल्या डॉक्टर मुलीचा. 2014 च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत पोहली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. मला त्यात मृणाल कुलकर्णींची आई जास्त लक्षात राहिली. बाप मुलीला स्वीकारत नाही म्हणून ती लेकीला घेऊन सरळ भावाकडे जाते. तिथे भाऊ भला निघाला. सगळ्यांचे भाऊ तसे निघत नाहीत, पण असो.

न्यायालयानेही यात लक्ष घातलंय. ‘आँख मिचौली’ नावाच्या विनोदी चित्रपटाविरुद्ध निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 8 जुलै 2024 ला निकाल लागला. अपंगत्वावरून हिणवणारा विनोद आणि अपंगत्वाची समज देणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, हिणकस शब्द टाळा म्हटलं, आणि ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना लिहिताना बरोबर घ्या असंही म्हटलं. ताईला मी पेपरातून वाचून दाखवलं. तिला पहिला भाग फारसा भिडला नाही. ‘‘लंगडी म्हटलेलं ऐकू येतं तरी. ‘बिचारी’ म्हटलं की उलट बोलता येत नाही.’’ दुसऱ्या भागावर मात्र ती थांबली. ‘‘म्हणजे ते मला विचारणार? तीन पायऱ्या कशा चढायच्या ते?’’

आणि आयांना? त्यांना कोण विचारणार? आमच्या मागच्या गल्लीत एक आंटी आहेत. त्यांचा मुलगा चोवीस वर्षांचा, शरीराने धिप्पाड, समज चार-पाच वर्षांच्या पोराची. आंटी एकट्याच त्याचं सगळं बघतात. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. जयवंत दळवींनी ‘ऋणानुबंध’ ही कादंबरी लिहिली आणि ‘नातीगोती’ हे नाटकही, अशाच घराबद्दल. त्या कादंबरीवर 2017 मध्ये प्रसाद ओकने ‘कच्चा लिंबू’ केला. सोनाली कुलकर्णी आणि रवी जाधव आईबाप, मनमीत पेम त्यांचा बच्चू. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्यात काय दाखवलंय? एकाने दिवसा नोकरी करायची, एकाने रात्री, म्हणजे मुलाजवळ कुणीतरी राहील. नवरा-बायकोला एकमेकांसाठी वेळ नाही, जागा नाही. आणि मुलगा वयात येतोय. त्या शरीराचं काय करायचं, ते आईने कसं हाताळायचं, हे आपण मैत्रिणी एकमेकींतही बोलत नाही. दळवींनी ते लिहिलं आणि या चित्रपटाने ते डोळे न फिरवता दाखवलं. कृष्णधवल आहे. बघायला सोपा नाही.

मी आंटींना त्याबद्दल सांगावं की नाही, याचा आठ दिवस विचार करत होते. ताईनेच तिच्या फोनवर लावून दिला. त्यांनी तो तीन दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी बघितला, मुलगा झोपला की. चौथ्या दिवशी पाण्याच्या वेळी नळावर भेटल्या. मला वाटलं, रडल्या असतील. आंटी हंडा लावत म्हणाल्या, ‘‘ती बाई ऑफिसला तरी जाते गो. मला ते दिसत होतं सारखं. बस पकडते, डबा नेते. बाकी सगळं माझंच होतं, पण ते ऑफिस नाही माझ्याकडे.’’

मग त्यांनी ताईला विचारलं, मालाडच्या तुमच्या कचेरीत अर्धा दिवसाचं काही काम असतं का. ताईने चौकशी केली. आठवड्यातून तीन सकाळी पावत्या लावण्याचं काम आहे. तेवढा वेळ मुलाजवळ बसायला माणूस मिळत नाही, म्हणून अजून अडलंय. सोमवारी माझ्या सासूबाई जाऊन बसणार आहेत, एक दिवस बघू म्हणून. वय एकोणऐंशी. पण त्याला त्यांच्या हातचा शिरा आवडतो.